मागच्या अंगणातल्या काचघराची व्यवस्था

मी, नोंदणी कचेरीतली निवृत्त टंकलेखिका, घरात या वयातही ‘बेबी’ म्हणून हाक मारली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टाइप करीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याने स्वच्छ दिसते, उजव्याने कामापुरते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. जे होते ते सोसून झाले, आणि नवीन आणण्याइतकी आता माझी कोणाला गरज उरलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची मात्र पुष्कळ टाइप केली. त्यातले एक माझ्या वडिलांचे होते.

कलम १. राहते घर

राहते घर माझे नाही, सबब ते कोणाला देण्याचा प्रश्न येत नाही. का नाही, ते सांगते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझे लग्नाचे वय होते. ती गेली तेव्हा ते निघून गेले होते. मग बाबांची पाळी आली. थोरला भाऊ, म्हणजे दादा, संध्याकाळी येऊन दारातूनच ‘काय म्हणताय?’ असे विचारून जाई आणि बाबांचा चेहरा उजळे. औषध, पाणी, अंथरूण माझ्याकडे होते, आणि त्याने कोणाचा चेहरा उजळत नाही.

मृत्युपत्राचा मजकूर बाबांनी सांगितला आणि मी मशीनवर बसले. घर मुलाला. मुलीला मागची खोली आणि मागचे अंगण. मी विचारले, “खोली मालकीची लिहू की राहण्यापुरती?”

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “राहण्यापुरती. तू कुठे घेऊन जाणार आहेस ती?”

मी ‘हयात असेतोवर राहण्यापुरती’ असे टाइप केले. कुठेही खाडाखोड केली नाही. अंगण तेवढे पुऱ्या मालकीने माझ्याकडे आले, कारण तिथे मोडके पलंग आणि फुटकी पिंपे पडलेली असत आणि ते कोणालाच नको होते.

कलम २. काचघर

या अंगणात मी झाडांसाठी काचघर उभे केले. गावातल्या जुन्या दवाखान्याची इमारत पाडत होते, तिथून लाकडी चौकटीच्या खिडक्या आणल्या. सुतार म्हणाला, “बाई, घराला खिडक्या असतात, खिडक्यांचं घर नसतं.” पण त्याने ते केले. उताराचे छत, छताला वर दोन झडपा, खाली खडीची जमीन, मागच्या भिंतीला पाण्याने भरलेली काळी पिंपे. दिवसा पिंपे तापतात आणि रात्रभर ती ऊब हळूहळू सोडतात. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला ‘वन्संचा राजवाडा’ म्हणून दाखवी. हसायचे ते हसत. मी दार लावून घेई. त्या घरात आतून लावून घेता येईल असे दुसरे दार माझ्याकडे नव्हते.

पहिल्या हिवाळ्यात सगळे घालवले. ऊब म्हणजे बंद ठेवणे अशी माझी समजूत होती. फटी बुजवल्या, झडपा घट्ट केल्या, आणि रोपे बुडाशी काळी पडून माना टाकू लागली. थंडीपेक्षा कोंदटपणाने जास्त मरतात हे तेव्हा कळले. मग शिकत गेले. पाणी सकाळीच घालायचे. उन्हाळा लागला की ऊन अडवायला काचांना चुन्याचे पातळ पाणी फासायचे. दुपारी खडीवर पाणी शिंपडायचे. सकाळी ऊन छतावर येण्याआधी आकडीच्या काठीने दोन्ही झडपा उघडायच्या. हे एक चुकले तर बाकी सगळे केलेले पाण्यात.

बेगोनियाच्या दोन जातींचा संकर करून मी एक झाड मिळवले. वरून पान जवळजवळ काळे, खालून डाळिंबी, आणि शिरा चांदीने आखल्यासारख्या. तसे झाड मी कुठे पाहिले नव्हते, पुस्तकातही नाही. बागप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनात ते स्वीकारले गेले. नाव द्या, असे त्यांनी कळवले होते. मी ते ठरवीत होते.

कलम ३. झडपा

प्रदर्शनाच्या आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली. ती पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती. उन्हाळा तोंडावर होता. दादाला आत नेले, काठी हातात दिली, झडप उघडून दाखवायला लावली.

“एवढं काय त्यात,” दादा म्हणाला. “फिरायला निघताना उघडेन, जेवायच्या आधी लावेन. तू डोळे सांभाळ.”

परत आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. सामान खोलीत न ठेवताच मागे गेले. दार उघडले तसा वास अंगावर आला, पातेल्यातली पालेभाजी करपते तसा. काचांवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ सुकलेले होते. पाने कुंड्यांच्या काठांवर चिकटली होती. माझ्या झाडाच्या जागी एक तपकिरी लगदा होता आणि त्याला हात लावला तर तो हातात आला.

दादा मागून आला. “अगं बेबी, विसरलोच बघ. कामाच्या गडबडीत राहून गेलं.”

वहिनी म्हणाली, “झाडंच ना वन्सं. येतील परत.”

आली नाहीत. जुनी दोन झाडे मी पुन्हा मिळवली, पुन्हा संकर केला, पुष्कळ वेळा केला. हिरवी आली, तांबूस आली, ठिपक्यांची आली. तसे एकही आले नाही. प्रदर्शनात माझी जागा रिकामी राहिली. शेवटी मंडळाने ती कोणाच्या तरी निवडुंगाला दिली.

पुढे काही महिन्यांनी दादा एक नकाशा घेऊन आला. अंगणात दोन खोल्या, भाड्याने द्यायला. म्हणाला, तसंही आता तिथे काही उरलेलं नाही. मी नाही म्हटले. तेव्हाही मला वाटले की माणूस संधी साधतो, एवढेच. विसरणे आणि संधी साधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी कितीतरी वर्षे धरून चालले.

कलम ४. पुतणी

मागचे अंगण, काचघर, त्यातली झाडे, कुंड्या, कात्र्या, झारी, बियांचे डबे आणि बँकेतली माझी शिल्लक, असे सर्व मी माझ्या पुतणीस, म्हणजे दादाच्या मुलीस, पूर्ण मालकीने देत आहे. शिलकीतून तिने आधी फुटलेल्या काचा बदलाव्यात.

कारण असे. नोकरीसाठी परगावी जायला निघाली त्या दिवशी ती बॅग घेऊन माझ्या खोलीत आली आणि दार लोटून उभी राहिली. “आत्या, एक सांगायचं राहिलंय,” म्हणाली. त्या उन्हाळ्यात ती कॉलेजात होती. दुपारी घरी आली तर काचघर आतून वाफेने धुरकटलेले. ती काठी घेऊन झडपा उघडायला गेली. दादाने मागून येऊन तिच्या हातातून काठी काढून घेतली.

“बाबा म्हणाले, राहू दे. एकदाचं जळून जाऊ दे, म्हणजे तिचा नाद सुटेल.”

एवढे बोलून ती रडू लागली. इतकी वर्षे बोलले नाही, भीती वाटायची, म्हणाली. मी तिला म्हटले, “गाडी चुकेल तुझी.” ती गेली. मग मी जेवायला गेले. दादाने ताट पुढे सरकवले, मीठ हवे का विचारले. मी जेवले.

मी त्या दिवशी काही बोलले नाही आणि पुढेही नाही. भांडून जाणार कुठे? खोली राहण्यापुरती होती, आणि राहायचे त्यांच्यातच होते. मला माहीत आहे हे दादाला आजही माहीत नाही. सुरुवातीला मी त्याच्याकडे बघायचे टाळत असे. नंतर बघू लागले. तो माझ्याशी बोलताना, हसताना, औषध आणून देताना मी त्याच्या तोंडाकडे बघते आणि कुठे काही दिसते का ते शोधते. काही दिसत नाही. माणूस खरेच विसरला आहे. माझे झाड जाळल्याचे तो विसरला, हे मला जाळण्याहून जड गेले.

आकडीची काठीही पुतणीसच. ती तिच्या हातातून काढून घेतलेली होती.

काचघर ठेवायचे की पाडायचे हे तिने ठरवावे. वकिलांनी विचारले, पुढे तिने अंगण बापालाच दिले तर? तशी बंदी घालू का? मी नको म्हटले. मेल्यावर जिवंत माणसाच्या पायात पाय घालण्याचा प्रकार मी एकदा टाइप केला आहे.

कलम ५. सुतार

दवाखान्यातून आणलेल्यांपैकी उरलेल्या खिडक्या सुताराला द्याव्यात. मात्र त्याने काचघराचे दार आधी बाहेर उघडेल असे करून द्यावे. आत उघडणारे दार कुंड्यांच्या फळीवर आपटते, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. दार आतच उघडायचं असतं, असे तो म्हणाला आणि चहा पीत बसला. त्या दाराने मोडलेल्या प्रत्येक कुंडीमागे त्याला मी शिव्या घातल्या आहेत, त्या माफ.

कलम ६. माझ्यानंतर

अंत्यविधी साधा असावा. कोणी भाषण करू नये. ‘घरासाठी झिजली’ असे तर मुळीच म्हणू नये. झिजवले गेले, आणि असे म्हणणारेच झिजवणारे असतील. टाइपरायटर भंगारात द्यावा.

कलम ७. दादा आणि वहिनी

यांना मी काहीही देत नाही. वकील म्हणाले, एखादी वस्तू आठवण म्हणून ठेवा, नाहीतर लोकांना वाटेल अनवधानाने राहिले. अनवधान नाही. विसरणे मला जमत नाही. ते या घरात दुसऱ्यांचे काम आहे.

पण वकिलांकडून एक गोष्ट कळली. मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि त्याच्या बायको-नवऱ्यानेही नाही. ज्याला काहीच मिळत नाही तो खुशाल सही करू शकतो. म्हणून मी दादाला विचारले, साक्षीदार होशील का. त्याला बरे वाटले. बहिणीने विश्वास टाकला असे त्याने वहिनीला सांगितले, ते मी माझ्या खोलीतून ऐकले.

इथपर्यंतचा मजकूर मी परवा त्याच्या टेबलावर ठेवला. त्याचा चष्माही त्यावरच ठेवला. काल तो कागद तसाच घेऊन आला.

“वाचलंस?” मी विचारले.

“तुझं टायपिंग काय वाचायचं? चूक सापडायची नाही. सही कुठे करायची तेवढं सांग.”

“वाच, दादा. मी थांबते.”

“अगं, माझ्यावर सोड. मी आहे ना,” तो म्हणाला, आणि पेन शोधायला उठला.

मी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगणार नाही. आज दुसऱ्या साक्षीदार येतील तेव्हा सह्या होतील. सही मी त्याच्यासमोर केली एवढे त्याने पाहिले की कायद्याला पुरते. मजकूर त्याला ठाऊक असलाच पाहिजे असे नाही. माझ्यानंतर वकील हे मोठ्याने वाचतील तेव्हा सगळे बसलेले असतील, पुतणीही असेल. तेव्हा त्याला कळेल, आणि खाली सही त्याचीच असेल.

वरील सर्व मजकूर माझा आहे. मी तो राजीखुशीने टाइप केला आणि दोघा साक्षीदारांसमोर खाली सही केली.

ठिकाण : मागचे अंगण, काचघरातली फळी
दिनांक : ९ मार्च, सोमवार

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार १ : माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. मजकूर वाचला. (सही)

साक्षीदार २ : माझा थोरला भाऊ. मजकूर वाचला नाही. (सही)