सहा तास मागे

प्रिय अयाल्नेशताई,

हे पत्र मी तेरा वर्षं पुढे ढकलतोय. कधी कागद नव्हता, कधी बस सुटत होती. खरं कारण खाली येईलच. तू आज नऊला घरी पोचतेस असं कळवलंयस. माझी बस आठची आहे. पत्र आईजवळ ठेवून जाईन.

आई सकाळपासून कॉफीचे दाणे निवडतेय. शेजारच्या तिरुनेशकाकू म्हणाल्या, "पोरगी काळात मागे जायची वाट शोधते म्हणे?" आई म्हणाली, "शोधायची कशाला? आपल्या देशाचं कॅलेंडरच जगाच्या सात वर्षं मागे. विमानातून उतरली की पोचली."

मागे गोंदारला मी मिठाच्या ट्रकवर कामाला होतो. तिथे एक खेचर होतं, शिवी दिल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही... ते राहू दे. त्या ट्रकच्या रेडिओवर तुझी मुलाखत लागली. शिष्यवृत्ती, परदेश, प्राध्यापकी, सगळं विचारून झाल्यावर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, एवढी गणितं मांडून जायचंय तरी कुठे? तू म्हणालीस, "फार लांब नाही. सहा तास मागे." ड्रायव्हर हसला, "एवढं शिकून सहाच?" मी तिथेच उतरलो. तेव्हापासून कुठल्याही गावी जातो, ते सहा तास माझ्याआधी पोचलेले असतात.

बाबांच्या शस्त्रक्रियेआधी परदेशी डॉक्टर मला म्हणाला, "नऊला आत नेऊ, बहिणीला त्याआधी बोलाव." चौदा वर्षांचा मी, पोस्टात धावलो आणि तुझ्या वसतिगृहात फोन करून सांगितलं, नऊला. तो त्याच्या घड्याळाचं बोलत होता, ताई. तो तास मध्यरात्रीपासून मोजणार, आपण उजाडल्यापासून; त्याचे सकाळचे नऊ म्हणजे आपले तीन. तू आपल्या नऊच्या आधी, ऊन कलताना केळी घेऊन आलीस. बाबा तुझी वाट बघत आत गेले होते, ते परत आलेच नाहीत. मी म्हणालो, डॉक्टरांनी ऐनवेळी घाई केली. तू म्हणालीस, "मीच पहिल्या बसने यायला हवं होतं."

तू चुकली नव्हतीस. हे तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून हा कागद आणि आठची बस. थांब, फाटकाशी टॅक्सी आलीय. काकू विचारतायत, "अगं, नऊला येणार होतीस ना? आत्ता कुठे तीन वाजलेत." तू तिकडच्या घड्याळातले नऊ कळवलेस आणि मी पुन्हा आपलेच धरले. कागद अजून माझ्या हातात आहे, आणि आपल्या घराला दार एकच.

तुझाच,
बेरिहुन