महाराजांच्या गोळ्या

प्रिय चिंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तसंच फाडून टाकावंसं वाटलं असेल, तर त्यात तुझं काही चुकलं नाही. सहा वर्षांपूर्वी आई गेली त्या दिवशी दारात, चार माणसांदेखत, मी तुला म्हणालो होतो, "तुझ्या अश्रद्धेनं आईला खाल्लं." तू चपला घातल्यास आणि गेलीस. त्यानंतर आज लिहितोय. उघडलंच असशील तर शेवटपर्यंत वाच, एवढीच विनवणी.

मी अजून त्याच औषधांच्या दुकानात आहे. केस गेले, चष्मा आला, पण मालक अजूनही मला "अहो नवीन" अशीच हाक मारतात. आश्रमात जाणं मात्र बंद झालंय. उशिरा का होईना शहाणपण सुचलं, असं तुला वाटेल. खरं सांगू? सुचलं नाही, मला काढलं. झालं असं, की गेल्या महिन्यात दुपारी एक बाई काउंटरवर आल्या. मागच्या गल्लीत शिवणकाम करतात, गळ्यात टेप तशीच होती. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या परत घेता का, विचारत होत्या. "महाराजांनी बंद करायला सांगितल्यात. श्रद्धेत औषध मिसळलं की दोन्हींचा गुण जातो म्हणाले." हेच वाक्य, चिंगे, शब्दाला शब्द, ते आईला म्हणाले होते. मग इकडेतिकडे बघून बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही त्यांच्या सेवेतले ना? ते स्वतः घेतात का हो काही?"

तुला हे कधी सांगितलं नाही. नऊ वर्षं महाराजांची सकाळची सेवा माझ्याकडे होती. लोकांना वाटायचं, मी पूजेची तयारी करतो. मी दार आतून लावून त्यांचा रक्तदाब मोजायचो. मग रुमालात बांधून नेलेल्या गोळ्या द्यायचो, एक पांढरी आणि अर्धी गुलाबी. आकडा जरा वर गेला की त्यांचा चेहरा पार उतरायचा. "बघ रे पुन्हा एकदा, नीट बघ," म्हणायचे. शंभर माणसांना मरणाची भीती सोडा म्हणून सांगायला बाहेर जायचे, त्याच्या आधी दहा मिनिटं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, एवढी आतली गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, याचीच छाती फुगायची.

पण त्या बाईंसमोर खोटं बोलायला जीभ वळली नाही. मी म्हणालो, "घेतात. रोज घेतात, मीच देतो. सासूबाईंच्या गोळ्या आजच्या आज सुरू करा." दुसऱ्या दिवशी आश्रमाचे दोघे विश्वस्त दुकानात हजर. "महाराजांनी तुझ्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं?" म्हणून गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर ओरडले. महाराज स्वतः भेटले नाहीत. "त्याला माझा आशीर्वाद आहे, पण त्यानं इकडे पाय ठेवू नये," एवढा निरोप आला. तुझी वहिनी अजून जाते. आल्यावर मला ताट वाढते आणि पाठ फिरवून भांडी घासत बसते. सबंध घरात तेवढाच आवाज.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. आई भोळी नव्हती, तुला माहीत आहे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात उभा जन्म गेला तिचा. बोटांना खळ लागलेली असायची, पण हाती येईल तो कागद वाचल्याशिवाय सोडायची नाही. महाराजांनी सांगूनही तिनं रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या नव्हत्या. तू फोनवर बजावायचीस, मी घरात गप्प, आणि ती मधल्या मधे. एका रविवारी सकाळी मी आश्रमातून आलो, तर ती गोळ्यांची पट्टी हातात धरून पलंगावर बसली होती. म्हणाली, "तू त्यांच्याजवळ असतोस. खरं सांग, ते घेतात का रे औषध? घेत असतील तर मीही घेत राहीन. त्यात लाजायचं काय?" तासाभरापूर्वीच मी त्यांना गोळ्या देऊन आलो होतो. मी म्हणालो, "नाही आई. ते काहीच घेत नाहीत." ती बरं म्हणाली आणि पट्टी माझ्या हातात दिली. बाविसाव्या दिवशी न्हाणीघरात पडली. चिंगे, तिनं महाराजांचं ऐकून गोळ्या सोडल्या नाहीत, माझं ऐकून सोडल्या. आईशी आणखी भांडायला हवं होतं, असं तुला अजून वाटत असेल, तर ते मनातून काढून टाक. क्षमा कर, असं लिहायला हात धजत नाही. आई कुणामुळे गेली ते तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
दादा