लख्ख दिसेल तिथं

अण्णा, मी एका दारूच्या कारखान्यात जाऊन आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. गळ्यात लिंग आणि कपाळावर विभूती घेऊन जगलेल्या माणसाच्या लेकीनं पन्नाशीजवळ आल्यावर असं करावं, आणि तेही जपानात जाऊन, हे तुम्हाला पटायचं नाही. पण तुमची नात आता तिकडं नोकरीला आहे. तुम्ही गेलात तेव्हा दोन वर्षांची होती, तुमच्या मिशा धरून उभी राहायची, तीच. मे महिन्यात माझ्या शाळेला सुट्टी लागली तशी तिनं मला बोलावून घेतलं. इथं परभणीत अंगाची लाही होत होती आणि तिथं डोंगरावर अजून बर्फ होतं. एका रविवारी म्हणाली, "आई, इथं व्हिस्कीचा फार जुना कारखाना आहे. लोक लांबून बघायला येतात." मी म्हणाले, "मला काय करायचंय दारू बघून?" तर म्हणते, "बघितल्यानं चढत नाही. फक्त पूर्णेच्या आजीला सांगू नको."

समुद्राजवळचं लहानसं गाव, दगडी इमारती, लाल छपरं. आवारात मुलंबाळं घेऊन आलेली कुटुंबं फोटो काढत हिंडत होती. जव आंबवून जे पाणी होतं ते तांब्याच्या मोठमोठ्या भांड्यांत उकळतात, त्याची वाफ धरून थंड करतात आणि लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवून देतात, असं लेक समजावून सांगत होती. मी हूं हूं करत होते. मग आम्ही त्या भांड्यांच्या दालनाशी आलो आणि दारातच मला तुमचा वास आला. तुमचा म्हणजे तुमच्या निळ्या सदऱ्याचा. कोळसा, तेल, घाम आणि तापलेलं लोखंड. तुम्ही ड्यूटीवरून यायचात तेव्हा तुमच्या आधी तो वास घरात यायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. मी उंबऱ्यातच थांबले. लेक म्हणाली, "काय झालं? पाय दुखतोय का?" मी म्हणाले, "इथं कोळसा जाळतात का गं?" ती म्हणाली, "हो, तेच तर बघायला येतात लोक. आता असं कुठंच राहिलं नाही म्हणे."

आणि मी एकदम लहानपणीच्या, पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आहे. तुमची सुट्टी आहे, अंघोळ करून विभूती लावून तुम्ही शेगडीपुढं बसलाय. आई भाकरी थापतेय. तुम्ही चिमटा तिच्या हातातून काढून घेता आणि मला जवळ बोलावता. "हे बघ माय. काळं दिसायलंय तितं टाकायचं न्हाई, तितं आदीच लय हाय. लख्ख पांढरं दिसंल तितं टाक. जितं आग लय चमकायलीय, तितं तिच्या पोटात काईच न्हाई." मी एक खडा उचलून टाकते, तुम्ही मान हलवता. "थोडं टाकायचं, पसरून टाकायचं, घडीघडी टाकायचं. ढीग केला की गुदमरती ती." आई म्हणते, "तुमचं इंजन तिकडं चालवा. माजी भाकर करपायलीय." तुम्ही हसता. कपाळाकडं बोट नेऊन म्हणता, "ही बी राख, अन् ती बी राख. एक देवाची, एक पोटाची." इंजिनात फायरमन असणं म्हणजे काय हे मला एवढंच ठाऊक होतं. शेजारच्या चुडावा स्टेशनाकडून येणाऱ्या गाडीचा धूर दिसला की त्याच्या रंगावरून तुम्ही सांगायचात, आज कुणाच्या हातात फावडं आहे. करडा, पातळ धूर तुम्हाला आवडायचा. काळाकुट्ट दिसला तर, "गडी झोपला वाटतं, अन् आता घाईनं ओतायलाय."

मग डिझेल आलं आणि तुमच्या हातातलं फावडं गेलं. तुम्हाला दुसरं काम मिळालं, पगार थांबला नाही, तुम्ही तक्रार केली नाही. करू नये ते मीच केलं. माझ्या लग्नानंतर तुम्ही परभणीला पहिल्यांदा राहायला आलात ती सकाळ. मला शाळेला उशीर होत होता. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात स्टूल घेऊन गॅसच्या निळ्या जाळाकडं बघत बसला होतात आणि सुरू झालात, "जाळ कसा हाय बघ, एकसारका. आमाला ह्याच्यासाटी..." मी तुम्हाला पुढं बोलू दिलं नाही. म्हणाले, "अण्णा, आता बटण फिरवलं की झालं. तुमचं ते सगळं आता जगात कुणाच्याच कामाचं नाही." कपात चहा ओतता ओतता म्हणाले, तुमच्याकडं न बघता. तुम्ही बशीत फुंकर मारलीत आणि म्हणालात, "खरं हाय." त्यानंतर तुमच्या तोंडून मी कोळशाचं नाव ऐकलं नाही. चार वर्षांनी तुम्ही गेलात. माणसं मरताना सोबत काय नेतात ते मला ठाऊक नाही, पण तुम्ही माझं ते वाक्य घेऊन गेलात असं मी वीस वर्षं धरून चालले होते. वर्गात एखाद्या मुलाला "पुरे" म्हणताना सुद्धा माझा आवाज मलाच ऐकू यायचा.

त्या दालनात तांब्याची ती भांडी रांगेनं उभी होती, लांब मानेच्या घागरींसारखी. त्यांच्या मानेला गवताचा जाड दोर आणि पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्या बांधल्या होत्या. लेक म्हणाली, देवासाठी बांधतात. मला खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातलेलं तुमचं इंजिन आठवलं. आई त्याला कुंकू लावायला पुढं जायची आणि वाफ सुटली की दचकून मागं यायची. एका भांड्याखाली भट्टीचं दार होतं आणि दोरीच्या पलीकडं एक माणूस उभा होता, माझ्याच वयाचा, मानेला पंचा. त्यानं दार उघडलं. लोक मागं सरकले, मी पुढं झाले. आत डाव्या अंगाला, मागं, एक जागा लख्ख पांढरी दिसत होती. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "डावीकडं. मागं टाक." मराठीत, चांगल्या खणखणीत आवाजात, पोरांना कवायत शिकवतात तशा. दोनतीन जण वळून बघायला लागले. लेकीनं माझा दंड धरला. आणि त्या माणसानं फावडं भरलं, मनगटाला जरासा झटका दिला आणि डावीकडं, मागं, पातळ पसरून कोळसा टाकला. मग फावड्याची कड दाराच्या ओठावर एकदा आपटली. तुम्ही शेगडीवर चिमटा आपटायचात तशी.

"तुला कसं कळलं?" लेकीनं विचारलं. मी तिला सांगितलं की तुझे आजोबा हेच करायचे, आगगाडीत. तिला एवढंच ठाऊक होतं की आजोबा रेल्वेत होते. ही माझीच चूक. तिनं दोरीजवळ जाऊन त्या माणसाला जपानीत काहीतरी सांगितलं. त्यानं दार लोटलं, फावडं टेकवलं आणि माझ्याकडं बघत एक प्रश्न विचारला. लेक हसली. "आई, तो विचारतोय, हलत्या गाडीत?" मी मान हलवली. त्यानं आपल्या पायांखालच्या फरशीकडं बघितलं, भट्टीकडं बघितलं आणि नकारार्थी हात हलवत तो काहीतरी पुटपुटला. "म्हणतोय, आमची भट्टी जागेवर उभी आहे तरी माझ्या गुरूंनी मला किती बोलणी खायला लावली." मग पुन्हा कोळसा टाकायची वेळ झाली आणि तो आगीकडं वळला.

अण्णा, माझं म्हणणं खोटं ठरलं याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. तुम्हाला जे येत होतं ते जगाच्या एका कोपऱ्यात रोज लागतं. आणि मी नको नको म्हणत असताना ते माझ्यातही शिरून बसलं होतं. बाहेर बाकावर बसून मी रडले, पण ते रडणं वाईट नव्हतं. लेकीनं रुमाल दिला.

परत आल्यावर पूर्णेला गेले. आई गवार निवडत होती. भट्टीचं सगळं सांगितलं आणि मग धीर करून विचारलं, माझं ते बोलणं अण्णांना फार लागलं होतं का गं. आई म्हणाली, "कवाचं बोलणं? मला तर आटवत न्हाई. ते तर इथं येऊन क्वार्टरच्या सगळ्या लाइनीला सांगत फिरले, माज्या लेकीच्या घरी बटनावर आग लागती म्हणून." हे खरं होतं की माझ्यासाठी होतं, कळलं नाही. बोलताना तिनं गवारीवरून नजर काढली नाही. पण मी ते ठेवून घेतलं. मग तिनं विचारलं, "कारखाना कशाचा म्हणलीस?" मी म्हणाले, "जवाचा." ती म्हणाली, "मंग चांगलाच असंल."

हे पाठवायचं कुठं, म्हणून वहीतच राहू देते. पण एक राहिलं. त्या कारखान्यात शेवटी सगळ्यांना छोट्या पेल्यातून व्हिस्कीची चव देतात. लेकीला मी सांगितलंय की मी नुसते ओठ लावले. ती बाटल्यांच्या दुकानात गेली होती, तिला दिसलं नाही. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं. दुसऱ्याला चवीमागून धूर आला, करडा, पातळ, तुम्हाला आवडायचा तसा. मी पेला रिकामा केला, अण्णा.