शिंपल्यांवरचा सिंह

ऑल्डरबी
१२ ऑगस्ट १६४४

वडीलधाऱ्या उर्सुला वन्संना,
मिलिसेंटचा आदरपूर्वक नमस्कार. प्रभूच्या कृपेने तुमच्याकडे सगळे बरे असतील अशी आशा करते. इकडे जव कापणीला आले आहेत. सफरचंदं यंदा बेताची आहेत, पण कीड नाही. लोणी मी बाजारात न पाठवता खारवून ठेवते आहे, कारण रस्त्याने शिपायांची ये-जा चालू आहे आणि लोणी राजाच्या बाजूचं की पार्लमेंटच्या हे त्यांना कळत नाही.

सात वर्षांनी माझं पत्र बघून तुम्ही ते उघडाल की चुलीत टाकाल, ठाऊक नाही. उघडलं असेल तर शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागणं.

त्या वेळी तुम्ही जे बोललात त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. सासरी तुम्हाला काय काय ऐकावं लागलं ते मला उशिरा कळलं. तुमच्या सासूबाई चारचौघांत म्हणायच्या म्हणे, "आमची सून सरदाराच्या वंशातली म्हणून आणली, निघाली शिंपल्यांची." हे कोणाही बाईला लागेल. आणि त्या दिवशी चर्चमध्ये जे घडलं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं. थडग्यावरची अक्षरं आणि चिन्हं वहीत उतरवून घेण्यापूर्वी ते आधी पाव चोळून धूळ काढतात, मग ओल्या फडक्याने पुसतात. जिल्ह्यातली सगळी थडगी त्यांनी अशीच पुसली, मग आपलं कसं सोडणार? थडग्यावरच्या दगडी सरदाराच्या ढालीवरून फडकं फिरलं आणि आपल्या घराण्याचा रंगवलेला सोनेरी सिंह फडक्यावर आला. खाली दगडात कोरलेले तीन शिंपले. कुठल्या तरी दुसऱ्याच घराण्याचे, ज्या घराण्यात आता नाव घ्यायला कोणी उरलं नाही. हे तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. मग म्हणाले, "मिली, हा आपला कोणी नाही."

तुम्ही म्हणालात, "गप्प बस आणि पुन्हा रंगव." हे म्हणाले, "ताई, दुसऱ्यांच्या घरातलं खोटं मी खोडत फिरतो, आपलं झाकून ठेवू?"

त्यांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगणार, लहानाचं मोठं तुम्हीच केलंत. पण तुम्ही रागावून गेल्यावरच्या वर्षांत त्यांनी काय कष्ट उपसले ते तुम्ही पाहिलं नाही. त्या म्हाताऱ्या घोडीवरून गावोगाव. छपरं गळणाऱ्या चर्चमध्ये ओल्या फरशीवर पालथे पडून अक्षरं वाचायची. मेलेल्या माणसाचं नाव लिहून घेण्याआधी टोपी काढायची, जसं कोणा यजमानाच्या दारात उभे आहेत. रात्री पायमोजे पिळले की चिखलाचं पाणी निघायचं. मी म्हणायचे, "अहो, जिवंत माणसांची एवढी विचारपूस केली असती तर चार लोक घरी आले असते." ते म्हणायचे, "जिवंतांना विचारणारे पुष्कळ आहेत गं."

एकदा एका जमीनदाराने आपला पूर्वज इंग्लंड जिंकायला आलेल्या राजाबरोबर जहाजातून उतरला असं लिहावं म्हणून मेजवानीसाठी मारलेला हंस पाठवला. यांनी तो परत पाठवला. मी तोवर त्याची पिसं काढली होती. तसाच उघडा पाठवला. मला अजून त्या हंसाची आठवण येते. पण असा नवरा मिळाला म्हणून मी देवाचे आभारही मानते. शंभरावर गावं त्यांनी वहीत लिहून पुरी केली आहेत आणि न पाहिलेली एक ओळ त्यात नाही. फक्त ऑल्डरबीचं अर्धं पान कोरं आहे. शिंपल्यांचं चित्र काढून ठेवलंय, खाली काही नाही.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

गेल्या महिन्यात मूर्ती फोडायचा हुकूम घेऊन पार्लमेंटचे शिपाई आले. रंगीत काचा पहिल्या तासातच गेल्या. मग त्यांचा कॅप्टन ब्रेथवेट सरदाराजवळ आला. हात जोडलेला दगडी माणूस, ढालीवर शिंपले. तो म्हणाला, "हे यात्रेकरूंच्या संताचे शिंपले. हा संत आहे. फोडा." तुम्हाला ठाऊक असेल, संताला हातोडा आहे, पण साध्या मेलेल्या माणसाच्या थडग्याला हात लावायचा नाही असं त्याच हुकुमात लिहिलेलं आहे.

हे पुढे झाले आणि हातोड्याच्या आणि दगडाच्या मध्ये उभे राहिले.

"हा संत नाही, कॅप्टन. हा आमच्या घरातला माणूस आहे. माझ्या आजोबांचा पूर्वज."

वन्सं, मी अठ्ठावीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिले. त्यांच्या तोंडून खोटं ऐकलं नव्हतं. माझ्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक खाली पडलं.

कॅप्टन काही बावळट नव्हता. म्हणाला, "तुमच्या फाटकावर मी सिंह बघितला. याच्या ढालीवर कुठे आहे?"

तेव्हा मी बोलले. म्हटलं, "साहेब, ढालीवर सिंह होता. आमच्या यांनीच पुसताना घालवला. फडकं घरी आहे, आणून दाखवते." यातला शब्द न् शब्द खरा आहे, देवाला विचारा. आणि फडकं खरंच होतं. चांगल्या तागाच्या उशीच्या खोळीचं होतं ते, टाकवलं नाही. पण त्याने ताटंही घासवली नाहीत. कॅप्टनने त्यावरचा निळा आणि सोनेरी डाग बघितला, फडकं नाकाशी नेलं, मला परत दिलं.

"नवरा इतका स्वच्छतेचा असेल तर बाईसाहेब, त्याला भांडी घासायला बसवा," तो म्हणाला. शिपाई हसले. मग म्हणाला, "कापणीनंतर याच वाटेने परतणार आहे. तुमचा असेल तर तोवर तुमचा सिंह त्यावर दिसू दे. नाहीतर मी समजेन तो संत आहे."

घरी येताना हे कुंपणापाशी थांबले. म्हणाले, "मिली, आजोबांच्या तरुणपणीही हातोडे घेऊन माणसं आली होती. त्या बालराजाच्या वेळी. ज्या थडग्याला वारस नाही ते गेलं, असा तो काळ. मला वाटलं म्हाताऱ्याने मोठेपणासाठी सिंह रंगवला; याला वाचवायला तर नसेल रंगवला? शंभर गावांत लोकांना विचारत फिरलो, हे असं का, ते तसं का. घरातल्याला एकदा विचारलं नाही. ताई त्यांच्याजवळ बसायची. तिला काही सांगितलं असेल का?"

म्हटलं, "उद्या पत्र लिहा."

वन्सं, उद्या त्यांना लिहिता आलं नाही. हे मी पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं, पण आधी लोणी लिहिलं. सकाळी मी उठवायला गेले तर त्यांचं उजवं अंग गेलं होतं. वैद्याने रक्त काढलं, उपयोग झाला नाही. कळतं सगळं. बायबल वाचलं की डोळे मिटून ऐकतात. लेखणी डाव्या हातात दिली तर बाजूला ठेवतात. वैद्य म्हणतो, पानं गळेपर्यंत राहिले तर देवाची कृपा. वाचा गेली आहे. एकच शब्द येतो, तो मला आधी कळेना. मग कळला. "उस्ला." लहानपणी बोबडं बोलायचे तेव्हा तुम्हाला तसंच म्हणायचे ना?

म्हणून पत्र मी लिहिते आहे.

सिंह रंगवायला हवा. सराईची पाटी रंगवणारा आहे, पण त्याच्या हातचा सिंह मेंढीसारखा होतो. कॅप्टन फसणार नाही. आपला सिंह कसा उभा राहतो, शेपूट कुठे वळतं, हे फक्त तुमच्या हाताला ठाऊक आहे. आमच्या लग्नाच्या पलंगाच्या पडद्यावर तुम्हीच तो भरला होता.

तुम्ही म्हणाल, सात वर्षांपूर्वी मी हेच सांगत होते. हो, सांगत होतात. पण तेव्हा शिंपले झाकायचे होते. आता ते वहीत आहेत, त्यांच्या हातचे, शाई वाळलेले. खरं काय ते तिथे राहील. दगडावर सिंह चालेल.

यात पाप आहे का, यावर मी पुष्कळ प्रार्थना केली. पाद्रीबुवांना विचारायची सोय नाही, ते शिपायांच्या भीतीने बहिणीकडे गेले आहेत. मग माझ्या मनाने असं घेतलं. ज्याचं कोणी नाही अशा पोराला घरात घेतलं तर त्याला आपलं नाव देतो, त्याला कोणी खोटं म्हणत नाही. हा मेलेला माणूस बिनवारशी. आपल्या घराने त्याला एकदा दत्तक घेतलं, आता पुन्हा घ्यायचं. माझी चूक असेल तर ती माझ्या माथी लागो, यांच्या नको. यांची वाचा नेमकी त्या वाक्यानंतरच्या रात्री गेली, हे सारखं मनात येतं. तुम्ही येऊन मला सांगा की तसं काही नसतं.

आणि आजोबा काही बोलले असतील तर ते यांच्या कानात सांगा. मी लिहून घेईन. कोरं अर्धं पान त्यासाठीच राहिलं असेल. तुमच्या साक्षीवाचून ते हे मानणार नाहीत, तुम्हाला माहीत आहे.

सोबत ते फडकं पाठवते. रंग त्यावरून जुळवा. येताना परत आणा, कापड अजून चांगलं आहे. कापणी तीन आठवड्यांत उरकेल. दक्षिणेची खोली झाडून ठेवली आहे, आणि चर्चमध्ये ढालीसमोर तिपाई. तुमचे गुडघे दुखतात हे विसरले नाही.

पत्र लिहिताना यांनी विचारलं, म्हणजे डोळ्यांनी विचारलं, कोणाला. मी नाव सांगितलं. तेव्हापासून ते दाराकडे तोंड करून पडले आहेत.

तुमच्या भावाची उशी दाराकडे वळवून बसलेली,
तुमची भावजय
मिलिसेंट थर्लबी