डब्यावरची खिडकी

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. तुझी भाची अभ्यासाच्या नावाखाली लोळते आहे आणि आमचे हे माझ्यावर पाळत ठेवून आहेत. कारण सांगते, हसू नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटांचा एक डबा आलाय. पत्र्याचा, निळा. वर संध्याकाळची गल्ली आणि उंचावर एकच उजळलेली खिडकी. पडदा बाजूला घेऊन गाठ मारलेली. मी जाते मिठाला आणि येते डबा घेऊन. बिस्किटं म्हणजे निव्वळ भुसा, चहात बुडवली तर चहा वाया. तरी पुढच्या खेपेला हात तिकडेच! परवा ह्यांनी विचारलं, की आपण बिस्किटं खातो की पत्रा. माळ्यावर आता जागा नाही.

मला दुकानदाराचा संशय आहे. मुद्दाम डोळ्यांसमोरच्या फळीवर मांडतो. त्याहून जास्त संशय तुम्हा खोकी रंगवणाऱ्यांचा. तूच म्हणाली होतीस, की वेष्टन जमलं तर आत काय आहे ते कुणी विचारत नाही. मग सांग, तो डबा दिसला की भरल्या पोटी भूक का लागते? पाय अशी घाई करतात, जसा काही जिना चढायचाय. घरी झाकण उघडलं की मात्र फसवल्यासारखं वाटतं. बिस्किटांनी नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी. आणि एवढा महाग डबा, पण पडद्याचा एक कोपरा आखूड छापलाय, तेवढंही त्यांना कळलं नाही.

आई गेल्यापासून तू इकडे फिरकली नाहीस. काम, काम म्हणतेस. खरं मानू का?

लोभ आहेच, त्यात भेसळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


११ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसले. तुझा तो डबा मी काही पाहिलेला नाही. पण निळ्यात पिवळा ठिपका दिसला की डोळा तिथे जाणारच, त्यात जादूटोणा नाही. रिकाम्या डब्यांत सुया-बटणं भर. डाव्या कोपऱ्याचं म्हणशील तर ती छपाईची चूक नसावी. काढणाऱ्याच्या मनात काही असेल. जावईबापूंना सांग, बायकोला गंज चढला तरच काळजी करा.

येईन गं. सध्या एक काम अडलंय. थंडीत कान झाकून फिरत जा, तुझा खोकला मला माहीत आहे.

लोभ असू दे, संशय आवर.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ताई,

नमस्कार नंतर. मी लिहिलं होतं, एक कोपरा. डावा कुठे म्हटलं होतं? न पाहिलेल्या डब्याचा डावा कोपरा तुला दिसला कसा?

तुझं पत्र हातात घेऊनच मी डबा खिडकीत उजेडाला धरला. कोपरा नुसता आखूड नाही. दुमडून शिवलाय, केसाएवढी रेघ आहे. इस्त्रीनं जळलेला कोपरा, ताई. आईनं कापून शिवला होता.

मग आख्खी गल्लीच दिसली. शाळेतून येताना आपण वळणावर माना वर करायचो. पडद्याला गाठ असली की आई दवाखान्यातली ड्यूटी संपवून आलेली. मग आपण दोघी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर, आणि तू नेहमी माझी वेणी ओढून पुढे. गाठ नसली की किल्ली मागायला खालच्या शिवणवाल्या बाईंकडे, त्यांच्या चिंध्यांत बसून वाट बघत.

म्हणजे इतके दिवस मी बिस्किटं घेतच नव्हते. आई घरी आलीय असं बघून धावत होते. आणि झाकण उघडलं की आत भुसा.

आपल्या तिघींशिवाय ती खूण कुणाला ठाऊक नव्हती. तू ती विकलीस? खरं लिहायचं असेल तरच लिही.

लोभाचं पुढे बघू.

चिमणी


२७ जानेवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद, घेणार असशील तर.

हो, ती खिडकी मीच काढली. बिस्किटवाल्यांना घरासारखं वाटेल असं काहीतरी हवं होतं. मी वाफाळते कप काढले, मांजर काढलं, टेबलावरचा दिवा काढला. साहेब मान हलवत राहिले. एका दुपारी हात आपोआप चालला. कोपरा आखूड निघाला तेव्हा कळलं, मी कुठली खिडकी काढतेय. तेव्हाच फाडायला हवं होतं. पण आई गेल्यापासून पहिल्यांदाच ती गाठ दिसत होती गं. तोवर मागून साहेब म्हणाले, हेच पाहिजे.

तुझं पत्र आलं आणि चोरी पकडल्यासारखं झालं, म्हणून थाप मारली. कामाची सबबही थापच. आपण आईची जागा रिकामी करून दिली, त्या दिवशी खाली उतरल्यावर सवयीनं मी वर पाहिलं. पडदाच नव्हता. तेव्हापासून कुणाच्याही गल्लीत शिरून वर बघायचा धीर होत नाही. तुझ्यासुद्धा.

आता त्यांना नवा डबा हवाय. म्हणतात, गाठ गबाळी दिसते, पडदा सरळ सोडा. सोमवारी चित्र द्यायचंय. मी नकार देऊ शकते. हातचं काम गेलं तर गेलं. पण गाठ तुझीही आहे. तू सांगशील तसं करीन.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागते.

तुझी,
ताई


३१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

 दोन दिवस मी घरात भांडी खूप वाजवली. मग माळ्यावरचे सगळे डबे खाली काढले आणि वाटून टाकले. एक ठेवलाय. त्यात बटणं आहेत, तुझ्याच सांगण्यावरून.

गाठ सोड, ताई. दुकानाच्या फळीवर आई रोज घरी असते, आणि मला ती रोज विकत आणावी लागते. हे सोसत नाही. त्यांना सरळ पडदा दे. कोपराही पुरा करून टाक. काम सोडू नकोस, पोटावर पाय आणायचं काही कारण नाही.

आज सकाळी मी आमच्या पुढच्या खोलीतल्या पडद्याला गाठ मारली. तुझी भाची म्हणाली, इस्त्री मोडेल. ह्यांनी विचारलं, पत्रा संपला म्हणून आता पडदे खाणार का. मी गाठ तेवढी घट्ट केली.

आमचाही मजला तिसराच आहे. वळणावर आलीस की मान वर कर. किल्ली मागायला कुठेही थांबायचं नाही.

लोभ वर आहे. धावत ये.

तुझी,
चिमणी