आमच्या मापाचे हातमोजे

लाडक्या ताईस तुझ्या तोफेचा दणदणीत नमस्कार.

'बायकांना हे जमत नाही' हे ऐकतच आपण दोघी वाढलो. आज त्याला उत्तर मिळालंय!

इथे कारखान्यात पंप जोडताना आमच्या हातून नट निसटायचे. "भांडी घासणारे हात पाना काय धरणार?" म्हणत मुकादम आम्हा बायकांना कामावरून काढायला निघाला होता. मी माझे हातमोजे त्याच्यासमोर धरले. बोटांची टोकं रिकामी लोंबत होती, कारण सगळे मोजे पुरुषांच्या मापाचे! म्हटलं, "साहेब, दोन नंबर मोठे बूट घालून जिना चढून दाखवा, मग बोलू." सगळ्या हसल्या, शेवटी तोही हसला.

लहान मोजे आले आणि आम्ही पुरुषांना मागे टाकलं! पंपांना मागणी वाढलीय, आता आणखी बायका कामावर घेणार आहेत. देशाच्या भरभराटीवर भाषणं ठोकणाऱ्यांनी आधी अर्ध्या देशाच्या हातांचं माप तरी घ्यावं!

त्या सैल मोज्यांपायी झालेली माझ्या अंगठ्याची जखम भरत आलीय, आईला सांगू नकोस. तिचा खोकला कसा आहे? तुला इकडे कामाला पाठवायचं म्हटलं की दादा अजून 'बघू'च म्हणतो का? विहिरीवरची मोटार तू दुरुस्त करायचीस आणि शाबासकी त्याने घ्यायची, हे किती दिवस चालायचं? आईला घेऊनच ये, माझ्या खोलीत तिघी मावू.

मुकादमाला तुझं सांगितलंय. तो म्हणाला, "माप मागव." तेव्हा दादाला विचारत बसू नकोस. उजवा पंजा कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद आजच टपालात टाक.

वाट बघणारी,
तुझी तोफ