वाच् शब्दाचे उरलेले अर्थ

४ फेब्रुवारी, पहाटे
वैशाखात दरभंग्याच्या पंडितसभेत मी 'वाच्' या शब्दावर बोलणार. रूपं पाठ आहेत: वाक्, वाचौ, वाचः. वाणी, वचन, देवी हे अर्थही. पण ओठांपर्यंत न येता आतच राहते ती वाणी कशी ओळखायची, ते उग्रनाथ गुरुजीच जाणतात. लिहिलेलं काही नाही. म्हणतात, तीर्थनाथ, कागदाला शंका विचारता येत नाही. लवकर ये, माझी एक्क्याऐंशी झाली.
टाइम-टेबल केलं. रोज पहाटे पाच. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
झोप नीट झाली नाही. पेंगत शास्त्र ऐकणं हा शास्त्राचा अपमान.

६ फेब्रुवारी
अष्टमी. अनध्याय. या तिथीला पाठ घेत नाहीत. माझा इलाज नाही.

७ फेब्रुवारी
पहाटे गडगडलं. अवेळी ढग गरजले की तीन दिवस पाठ बंद. सुनयना म्हणते, ढग कसले, विटांचा ट्रॅक्टर गेला. बायकोशी धर्मशास्त्रावर वाद घालत नाही.

११ फेब्रुवारी
मेहुणा आला. शिष्ट, म्हणजे विद्वान पाहुणा घरी आला की अनध्याय. सुनयना म्हणाली, माझा भाऊ शिष्ट कधीपासून? छठच्या सणाला तर बैल म्हणाला होतात त्याला!
रोहू मासा आणला. चांगला मिळाला.

१४ फेब्रुवारी
चतुर्दशी, पौर्णिमा, आज प्रतिपदा. तीन दिवस ओळीनं अनध्याय. गुरुजींच्या पत्नीचा, गुरुमायचा फोन. रोज तुझा पाट मांडून बसतात रे. विचारत होते, येतोय का, की तिकडे पंचांगाचाच शिष्य झाला?
उद्या द्वितीया. निर्दोष दिवस. गजर लावला.

१५ फेब्रुवारी
खरंच गेलो. अंगणात माणसं. पहाटे गुरुजींना झटका आला. उजवं अंग गेलं. वाचा गेली.
डॉक्टर म्हणाले, वय पाहता वाचा येणं कठीण.

२ मार्च, दुपार
गुरुजींना घरी आणलंय. समजतं सगळं. मी युक्ती काढली. अर्थ मी सांगायचा, चुकलं की त्यांनी नाही म्हणून मान हलवायची.
सांगितला. मान हलली. दुसऱ्या तऱ्हेनं सांगितला. हलली. कुठे चुकलं, गुरुजी? पहिल्याच वाक्यात? शेवटी? घशातून नुसती घरघर. पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. पुन्हा मान. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गुरुमाय म्हणाली, पुरे रे बाबा, दमले ते.
मी आणखी एकदा सुरू केलं. त्यांनी डावा हात कसाबसा उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला.
बाहेर समाचाराला आलेली पंडितमंडळी थांबली होती. त्यांना सांगितलं, पाठ पूर्ण झाला.